चौथी काच

रविवारी बारा वाजता सर येणार, हे आईनं शुक्रवारीच ठरवून टाकलं होतं. बारकीला ते कळलं रविवारी सकाळी दहा वाजता, डाव्या हातानं दात घासताना. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि त्याच बाजूच्या खांद्यावर अकरा टाके होते.

"कुणी बोलावलं त्याला?" तोंडातला फेस थुंकून तिनं विचारलं.

"बोलवायला कशाला लागतंय? नवरा आहे तुझा," आई म्हणाली. "विहीणबाईही येतायत. चार माणसं बसू, चहा घेऊ, विषय मिटवू."

"आणि चार वाजता?"

आईनं ऐकलं नसल्यासारखं केलं. डाव्या कानानं तिला ऐकू येत नसे आणि नको त्या प्रश्नाला ती तोच कान पुढे करी.

चार वाजताचं घरात सगळ्यांना माहीत होतं. बुधवारी इस्पितळानं पोलिसांना कळवलं होतं. गुरुवारी एक पोलीस बाई खाटेपाशी येऊन बसल्या. नवरा उशाशी उभा होता. बारकीनं सांगितलं, बाल्कनीत पाय घसरला, दारावर पडले. बाईंनी लिहून घेतलं. मग नवरा डॉक्टरांच्या मागे गेला तेवढ्यात त्या वाकून म्हणाल्या, "रविवारी चारनंतर मी ठाण्यात असते. आणखी काही आठवलं तर या. सोमवारी हा कागद बंद होईल."

तेव्हापासून बारकी माहेरी होती. विश्रांतीला, असं आई शेजारी सांगत होती.

*

वहिनी शहर बसची कंडक्टर. सोळा वर्षं गच्च बसमध्ये ओरडून ओरडून तिचा आवाज घरातही खाली येत नसे. आज मात्र ती सासूच्या उजव्या बाजूला जाऊन हळूच बोलली.

"आई, अकरा टाके आहेत. दोन-तीन नाही."

"मोजता मलाही येतं."

"मग परत कुठं पाठवताय तिला?"

आईनं कपबशा मांडायला घेतल्या. "तुझं बरं आहे. तुझा नवरा गरीब गाय. तुला काय कळणार? अण्णांच्या हातचं मी काय कमी खाल्लंय? पण मोडला का संसार? पोरं वाढली, कारखाना उभा राहिला. आज त्यांच्या फोटोपुढे उभी राहिले तर मला चांगलंच आठवतं."

"आणि कान?"

"ताप आला होता," आई म्हणाली. लग्न झाल्यापासून वहिनी हे वाक्य ऐकत आली होती. ते नेहमी इतक्याच घाईनं यायचं.

ती जिना उतरून खाली कारखान्यात गेली. रविवार असून दिवा लागलेला होता. तिचा नवरा, घरातला थोरला, लांब टेबलावर वाकून काच कापत होता. पट्टी धरून त्यानं काच कापायचा हिरा एका दमात ओढला, बारीक करकर झाली, आणि टेबलाच्या कडेवर टेकवताच काच सरळ रेषेत निघाली. अण्णांचा धंदा त्यानं चांगला चालवला होता. खिडक्या, आरसे, दुकानांची कपाटं. गावात त्याच्याइतका स्वच्छ कापणारा दुसरा नव्हता.

"आज कुणाचं एवढं घाईचं?"

"आहे एक दार."

तिनं टेबलावरचा कागद उचलला. त्यावर पेन्सिलीनं मापं लिहिली होती आणि खाली 'सर, बाल्कनी'.

"तू माप घ्यायला गेला होतास? ती इस्पितळात असताना?"

"त्यांचा फोन आला. दार उघडं टाकून कसं राहतील? पाखरं शिरतात."

"पाखरं!" वहिनी म्हणाली. तिनं कागद परत टेबलावर ठेवला. "कशी फुटली होती रे काच? तू पाहिलीस ना?"

"काच ती. फुटली तशी फुटली."

त्यानं मान वर केली नाही. वहिनीनं रोज हजार माणसं पाहिली होती; तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेर कसा टक लावून बघतो, ते तिला पाठ होतं.

*

सर ठरल्या वेळी आले. ते भौतिकशास्त्र शिकवायचे. अर्ध्या गावाची पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. लग्नानंतर या घरातही तेच नाव रुळलं. नऊ वर्षांत कुणाला वाटलं नाही, की आपण आपल्या लेकीच्या नवऱ्याला घरात पाऊल टाकताच मान देऊन बसतो आणि मग आपली मान खाली घालूनच बोलावं लागतं.

इस्त्रीचा फिका शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी. ते अण्णांच्या खुर्चीत बसले. विहीणबाई भिंतीकडच्या बाकावर. थोरला दाराशी स्टुलावर, हात गुडघ्यांत घालून.

"आई, आधी मी माफी मागतो," सरांनी सुरुवात केली. "चूक माझी आहे. बाल्कनी ओली होती. मला पुसायला हवी होती. हिची काळजी घेण्यात मी कमी पडलो."

आईचा चेहरा उजळला. "बघा, किती समजूतदार—"

"म्हणजे गुन्हा काय, तर फरशी पुसली नाही," वहिनी म्हणाली. "मग दोन वर्षांपूर्वी हिच्या गालावर चार बोटं उठली होती, तीही फरशीचीच का?"

"सुनेनं मोठ्यांच्या बोलण्यात पडू नये," विहीणबाई म्हणाल्या.

"मी या घरची सून आहे, विहीणबाई. तुमच्या सुनेनं तोंड उघडलं की काय होतं ते समोर दिसतंय."

सर हसले. वर्गातल्या खोडकर मुलाकडे बघून हसतात तसं. "वहिनींचं कामच दिवसभर भांडायचं. सवय जात नाही माणसाची."

"अहो, संसारात भांड्याला भांडं लागतंच," विहीणबाईंनी आईकडे वळून म्हटलं. "आणि पुरुषाचा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं. क्षणभर. बाईनं आच कमी करायला शिकायचं असतं."

"तेच सांगते मी हिला," आई म्हणाली.

बारकी आईशेजारी बसली होती. ती औषधांच्या दुकानात काम करायची. डॉक्टरांचं कसलंही गिचमिड अक्षर तिला वाचता येई. दिवसात दहा बायका तिच्याकडे हळू आवाजात मुका मार बसल्यावर लावायचं मलम मागत आणि ती एकीलाही काही न विचारता ते कागदात गुंडाळून देई. आता तिच्याविषयी बोलणं चाललं होतं आणि तेही कागदात गुंडाळूनच.

"तूच सांग," सर तिच्याकडे वळले. आवाज मऊ होता. "मी जबरदस्ती करतोय का तुझ्यावर?"

"नाही," बारकी म्हणाली.

तिला बोलायचं नव्हतं. तोंडच बोललं. नऊ वर्षांत त्याला इतकं वळण लागलं होतं की प्रश्नाचा सूर ऐकून ते आपलं आपण उत्तर देई. त्या 'नाही'ची तिलाच एवढी चीड आली की प्लास्टरमधली बोटं आवळली गेली आणि कळ खांद्यापर्यंत गेली.

"ऐकलंत?" सर सगळ्यांकडे बघत म्हणाले. "पोलिसांना हिनं जे सांगितलं तेच खरं आहे. ते तसंच राहू दे. उद्या शाळा आहे, हिनंही घरी यावं. लोकांना तमाशा हवा असतो. पण मला सांगा, या नऊ वर्षांत कुणी काही पाहिलंय? एका तरी माणसानं? हवं तर दादांना विचारा. आमच्या घरातली एक खोली राहिली नाही जिथे दादा टेप घेऊन गेले नाहीत." ते थोरल्याकडे वळले. "दादा, तुम्हीच सांगा. तुम्ही कधी काही पाहिलंत?"

*

थोरल्याला वाटलं होतं, हा प्रश्न बायको विचारेल. नाहीतर एखाद्या दिवशी कोर्टात कुणीतरी. खुद्द सर विचारतील, तेही साक्षीला बोलावल्यासारखं, इतक्या खात्रीनं, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. ती खात्री त्याला झोंबली. हा माणूस आपल्याला ओळखून आहे. आपल्या गप्प बसण्यावर यानं घर बांधलंय.

"पाहिलं," तो म्हणाला.

"काय?"

"पाहिलं म्हणतोय. काचा पाहिल्या."

सर पुन्हा हसले. "काचा तर पाहणारच. तुमचा धंदाच तो."

"पहिली न्हाणीघराच्या दाराची," थोरला जमिनीकडे बघत बोलू लागला. "तुम्ही म्हणालात, वाऱ्यानं दार आपटलं. दार आपटून काच गेली तर तडा चौकटीच्या कोपऱ्यातनं निघतो. तुमच्या दाराचा मधनं निघाला होता. जमिनीपासून मोजलं मी. पाच फुटांवर. आमची बारकी पाच फूट दोन इंच आहे."

विहीणबाईंनी लेकाकडे पाहिलं.

"दुसरी कपाटाची. काच धरणारी पट्टी काढली तर खाचेत केस अडकले होते. लांब. पाच-सात असतील. मी ते चिमट्यानं ओढून काढले, खाच पुसली आणि नवीन काच बसवली. मग तुमच्याकडे चहा प्यालो. बारकीनंच आणून दिला. डोक्याला रुमाल बांधला होता तिनं आणि मी विचारलं नाही, घरात रुमाल कशाला."

"दादा, तुम्ही दमलेले दिसता."

"तिसऱ्या वेळी मी वर बघितलंच नाही. सगळा वेळ खाली मान घालून काम केलं आणि आलो. आणि चौथी खाली टेबलावर आहे. कापून ठेवलीय मी. आज सकाळी कापली." आता त्यानं मान वर केली. "ती मी बसवणार नाही, सर."

सरांनी कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला. "तडे मोजून कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. विज्ञान शिकवतो मी."

"मग तुम्हाला जास्त कळायला पाहिजे," वहिनी म्हणाली. पण तिचाही आवाज पडला होता. नवऱ्याच्या बाजूनं बोलावं की त्याला फाडून खावं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

बारकी उठून उभी राहिली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती.

"दादा, तुला माहीत होतं?"

"बारके—"

"कधीपासून?"

"दुसऱ्या वेळी कळलं. पहिल्या वेळी वाटलं, असेल काहीतरी."

"गावात काचवाले काय कमी आहेत रे?" तिचा आवाज चढत गेला. "हा दर वेळी म्हणायचा, दुसऱ्या कुणाला बोलवू. मी म्हणायचे, नको, दादाच चांगलं करतो. दर वेळी मीच! का, ते कधी आलं तुझ्या डोक्यात? माझ्या तोंडून निघत नव्हतं म्हणून तुला बोलवत होते मी. म्हटलं, दादा बघेल. दादाला बघितल्याबरोबर कळतं, काच कशी फुटली ते. आणि तू बघितलंस! तुला कळलं! आणि माझे केस कचऱ्यात टाकून, हात धुऊन, माझ्याच हातचा चहा पिऊन गेलास?"

चाळीस वर्षांचा माणूस स्टुलावर लहान मुलासारखा आखडून बसला.

आणि तसा बसलेला बघून आईला दुसरंच काही दिसलं.

तो नऊ वर्षांचा होता. अण्णांनी जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं होतं, मग हात उचलला होता, आणि तिच्या डाव्या कानात शिट्टीसारखं काहीतरी वाजून कायमचं थांबलं होतं. अण्णा बाहेर निघून गेल्यावर हा पोरगा टेबलाखालून निघाला. रडला नाही, काही विचारलं नाही. झाडू आणि सुपली घेऊन आला आणि फरशी लख्ख करून ठेवली. तिनं त्याला जवळ घेतलं होतं. म्हणाली होती, शहाणं गं माझं बाळ, कुणाला सांगायचं नाही हं. त्यानं मान डोलावली होती. तेवढं तो आजवर पाळत आला होता.

"ताप नव्हता," आई म्हणाली.

"काय?" वहिनीनं विचारलं.

"मला ताप आला नव्हता. यांनी मारलं होतं." तिनं फोटोकडे हात केला. "तीस वर्षं मी तापाचं सांगितलं. इतकं सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. आणि याला मी शिकवलं. बाहेरच्यांनी नाही, मी शिकवलं याला, फुटलेलं उचलायचं आणि गप्प बसायचं."

"हे जुनं कशाला काढता आता?" विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही सोसलंत म्हणून तर घर टिकलं."

"घर टिकलं. मी कुठं टिकले?" आई उभी राहिली. गुडघे दुखत असूनही कुणाचा हात न धरता. "आणि मी सोसलं, ते लेकीला वारसा म्हणून देत होते. दागिना द्यावा तसं! अहो, लाज वाटली पाहिजे मला. तुम्हालाही वाटली पाहिजे. तुमच्या लेकाच्या मारण्याला तुम्ही दूध म्हणता? दूध उतू गेलं तर खांद्यात अकरा टाके पडतात? उठा, सर. त्या खुर्चीतून उठा आधी. त्या खुर्चीत बसून पुष्कळ झालं."

सर उठले. पण दाराकडे न जाता बारकीकडे वळले. आवाजातला मऊपणा गेला होता. "चल. बॅग राहू दे. चल म्हणतो ना." त्यांनी हात पुढे केला, प्लास्टरच्याच हाताकडे, सवयीनं.

थोरला मध्ये येऊन उभा राहिला. त्यानं हात उगारला नाही. नुसता उभा राहिला, आणि हे आधीच किती सोपं होतं हे कळून त्याला स्वतःची किळस आली.

वहिनीनं दार सताड उघडलं. सोळा वर्षांचा आवाज जिन्यात घुमला. "सर, उतरून घ्या! तुमचा स्टॉप आला."

"पस्तावाल," सर म्हणाले. "उद्या सगळी शाळा माझ्या बाजूनं उभी राहील."

"राहू दे," बारकी म्हणाली. या वेळी तोंड तिचंच होतं. "माझ्या अंगावरून नको, बाजूनं जा."

विहीणबाई जाताना उंबऱ्याशी थांबल्या. त्यांना काही बोलायचं असावं. पण लेकानं खालून हाक मारली आणि त्या लगबगीनं गेल्या.

*

चार वाजता ठाण्यात चौघंही गेली. लांबट खोली, लोखंडी कपाटं, आवाज करणारा पंखा. पोलीस बाई टेबलामागे बसून बिस्कीट खात होत्या. बारकीला बघून त्यांनी बिस्कीट बाजूला ठेवलं आणि कोरा कागद ओढला. "बसा. घाई नाही."

बारकी दीड तास बोलली. मध्ये एकदा पाणी मागितलं, एकदा नुसतीच थांबली. आईनं खुर्ची ओढून उजवा कान तिच्याकडे केला होता. एकही शब्द तिनं सुटू दिला नाही.

मग थोरल्याचा जबाब. चार तारखा, चार मापं.

"हे तुम्हाला केव्हा समजलं?" बाईंनी विचारलं.

"दुसऱ्या वेळी. पाच वर्षं झाली."

"आणि सांगितलं का नाही?"

वहिनी खिडकीबाहेर बघायला लागली. थोरल्यानं घसा साफ केला. "हिंमत नव्हती. आणि मोडलेलं दुरुस्त केलं की झालं, असं वाटायचं. हे लिहिणार का?"

"लिहावं लागेल. कोर्टात मोठ्यानं वाचतील."

"लिहा."

सही करून तो व्हरांड्यात आला. बारकी बाकावर बसली होती. तो शेजारी बसू की नको करत उभा राहिला.

"बारके, मी—"

"खरं सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "त्याचा उपयोग होईल. पण दादा, माझ्याकडून आज काही मागू नकोस. उद्याही नको. मला कधी वाटलं तर मी बोलेन."

तो मान हलवून बाजूला झाला. भिंतीला टेकून उभा राहिला आणि पहिल्यांदाच रडला. वहिनी त्याच्याजवळ गेली नाही. लांबही गेली नाही.

बाईंनी आत बोलावलं. लिहिलेलं वाचून दाखवायचं होतं. त्या भराभर वाचू लागल्या, असे कागद त्यांनी शेकड्यांनी वाचले असणार. "... सदर महिलेस तिच्या पतीने घरगुती वादातून मारहाण केल्याने—"

"थांबा," बारकी म्हणाली. "वादातून नाही."

"म्हणजे?"

"वाद नव्हता. वादाला दोन माणसं लागतात. मी फक्त म्हणाले, पगार झाला, मी आईसाठी चप्पल आणली. हा काय वाद आहे? तो शब्द काढा."

"अहो, असंच लिहायची पद्धत आहे. सगळ्यांचं असंच लिहितो."

"सगळ्यांचं?" बारकीनं कपाटांकडे पाहिलं. एकावर एक दाबून भरलेल्या फायली, वर्षानुवर्षांच्या, पिवळ्या पडलेल्या. त्या प्रत्येकीत कुणीतरी एकटी मार खात होती आणि कागदावर ती भांडत होती. "मग सगळ्यांचं चुकीचं लिहिलंय तुम्ही."

पंखा फिरत राहिला. बाईंनी पेन उचललं, जरा वेळ तसंच धरलं, मग 'घरगुती वादातून' या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली.

"वर काय लिहू?"

"काही नको. पतीनं मारलं. एवढंच झालं."

"खाडाखोडीपुढं सही लागते." बाईंनी तिच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि शाईची डबी पुढे केली. "अंगठा चालेल."

बारकीनं डबी परत सारली. पेन डाव्या हातात घेतलं. अक्षरं पहिलीतल्या मुलीसारखी वाकडी, मोठी, रेघेच्या बाहेर गेलेली आली. वेळ लागला. कुणीही तिला घाई केली नाही.